बसायचं कुठं?

वेळापत्रक आखण्यात माझा हात धरणारा आमच्या शाळेत दुसरा कोणी नाही. ही बढाई नव्हे. दर जूनमध्ये मुख्याध्यापक कोऱ्या तक्त्यांचे भेंडोळे माझ्या पुढ्यात टाकतात आणि निश्चिंत होतात. अठरा तुकड्या, सत्तावीस शिक्षक, प्रयोगशाळा एकच, आणि चित्रकलेचे मास्तर दोन शाळांत वाटलेले. तरी माझ्या तक्त्यात एकही घर रिकामे राहत नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा परदेशी जायचे ठरल्यावर त्या प्रवासाचा तक्ता मीच करायचा, हे घरात कोणाला बोलून दाखवावेही लागले नाही.

जायचे युरोपला. मे महिन्याच्या सुट्टीतले बारा दिवस. पैसा भविष्यनिर्वाह निधीतून काढलेला. पुण्याला शिकणाऱ्या मुलीचा हट्ट होता, "बाबा, आईचे गुडघे कुरकुर करायला लागलेत. ते संप करायच्या आत जाऊन या." सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी आठ दिवस खपलो आणि तक्ता सिद्ध केला. रोम, नेपल्स, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान, ल्युसर्न, पॅरिस. तीन देश, आठ गावे. एकही घर रिकामे नाही. शिक्षकांच्या खोलीत तो कागद हातोहात फिरला. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "सर, पैसे वसूल!" याहून मोठे प्रशस्तिपत्र मध्यमवर्गीय माणसाला ठाऊक नसते.

घरी आल्यावर मी तो कागद पत्नीपुढे ठेवला. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून, ओळीवर बोट धरून तिने सगळा तक्ता वाचला. मग म्हणाली, "छान झालंय. पण अहो, यात बसायचं कुठं?"

"आगगाडीत जागा राखून ठेवायच्या आहेत की!"

"तसं नव्हे. दोन माणसांनी घटकाभर बसावं, इकडंतिकडं बघावं, असं ठिकाण यात कुठं आहे?"

मला राग आला. मी म्हणालो, "बसायला एवढे पैसे मोडून जायचं का? बसायला घरची ओसरी आहे."

ती काही बोलली नाही. तिने सूप पुन्हा ओढून घेतले.

तक्ता करणाराला दोष दाखवलेला सोसत नाही, पण गणित त्याला गप्प करते. दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मी हिशेब मांडला. बारा दिवसांतला पहिला पोचण्यात आणि शेवटचा निघण्यात जाणार. उरले दहा. आठ गावे म्हणजे सात वेळा बिऱ्हाड हलवायचे. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला काही तासच लागतात, असे आगगाडीचे वेळापत्रक म्हणते. पण सामान आवरणे, स्टेशन गाठणे, फलाट शोधणे, नव्या गावात उतरून मुक्काम हुडकणे, आणि खोली दुपारी दोन-तीनशिवाय ताब्यात मिळत नाही म्हणून पेट्या सांभाळत ताटकळणे हे त्या वेळापत्रकात छापलेले नसते. एका हलण्याला अर्धा दिवस धरला, तर सात हलण्यांचे साडेतीन दिवस झाले. बाकी राहिले साडेसहा दिवस आणि पाहायची गावे आठ! म्हणजे प्रत्येक गावाला एक पुरता दिवसही नाही. आणि हे सारे वर्गात मुलांना काळ-काम-वेगाची उदाहरणे घालणाऱ्या माणसाने केलेले.

हिशेबापाशीच गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण त्या कागदाकडे पाहता पाहता, असाच एक कागद मी पूर्वीही केला होता, ते आठवले.

बारा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या मंडळींनी खासगी मोटार ठरवून काशीयात्रा केली. माझी आई त्यात होती. यात्रेचे पत्रक अर्थातच माझे. उज्जैन, चित्रकूट, प्रयाग, अयोध्या, काशी, गया आणि वाटेवरची आणखी पाच ठिकाणे. नऊ दिवसांत अकरा. काशीला आम्ही रात्री नऊला पोचलो. रांगेत उभे राहून विश्वेश्वराचे दर्शन घेतले, दशाश्वमेध घाटावर अंधारातच गंगेचे पाणी डोळ्यांना लावले. आई म्हणाली, "सकाळी घाटावर जरा बसू या का रं? हितला सूर्य बघावा म्हणत्यात." मी खिशातले पत्रक काढून दाखवले. अकरापर्यंत गया गाठायची होती. पहाटे चारला मोटार सुटली तेव्हा आई खिडकीशी बसली होती आणि बाहेर नुसता काळोख होता.

ती कधी त्याबद्दल बोलली नाही. गावात कोणी विचारले तर "समदं बघितलं," असेच सांगे. शेवटच्या आजारात मात्र एका दुपारी तिने मला विचारले, "काशीला सूर्य कुठल्या अंगानं उगवतो रं?"

मी म्हणालो, "गंगेच्या पलीकडून, आई. घाट पूर्वेकडं तोंड करून आहेत."

"ते पुस्तकातलं झालं. तू बघितलास व्हय?"

"नाही."

"मीबी न्हाई," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

त्या दिवशी शाळेतून येऊन मी पत्नीला म्हणालो, "तक्ता पुन्हा करतो." तिने कारण विचारले नाही. सासूची शुश्रूषा तिनेच केली होती. ती दुपार तिलाही ठाऊक होती.

आता छाटणी आली. कादंबरीतले वाईट प्रकरण काढून टाकणे सोपे असते. कस लागतो तो चांगले प्रकरण काढताना. पॅरिस आणि ल्युसर्न आधी गेले, म्हणजे तीन देशांचा एक देश झाला. एका फटक्यात व्हिशाचे कामही सोपे झाले. शेंगेन देशांच्या व्हिशासाठी, जिथे सर्वांत जास्त दिवस काढायचे त्या देशाकडे अर्ज करावा लागतो आणि अर्जासोबत प्रवासाचा आराखडा, मुक्कामाच्या जागा व तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा दाखवावा लागतो. आठ मुक्कामांचे आठ कागद जमवण्यापेक्षा तीन मुक्कामांचे तीन जमवणे केव्हाही बरे. मग मिलान गेले. तिथले लिओनार्दोचे 'शेवटचे भोजन' पाहायला फार आधी वेळ राखून ठेवावी लागते आणि चित्रापुढे पंधरा मिनिटे उभे राहू देतात. पंधरा मिनिटांसाठी एक मुक्काम वाढवणे हिशेबात बसेना.

नेपल्सवर काट मारताना मात्र हात थांबला. नेपल्स म्हणजे पाँपेई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले ते शहर मी वीस वर्षे मुलांना फळ्यावर काढून दाखवत आलो आहे. ते पाहायचे राहिले. ते दुःख अजून आहे. नीट आखलेल्या प्रवासात काहीच राहत नाही, असे जो सांगतो त्याने प्रवास आखलेला नसावा. काही ना काही राहतेच. ते आपण आधी जाणून सोडायचे, की धावपळीत आपोआप सुटू द्यायचे, एवढाच निर्णय आपल्या हाती असतो.

पिसावरून आमचे भांडण झाले. पिसा फ्लॉरेन्सपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर. मी म्हटले, "तिथं मुक्काम नको. सकाळी जाऊ, मनोरा बघू, दुपारी परत." पत्नी म्हणाली, "फ्लॉरेन्सला राजाराम महाराजांची छत्री आहे. तिला किती वेळ ठेवलाय?"

मी चपापलो. पत्नीचे माहेर कोल्हापूरचे. माझीही सारी नोकरी त्याच जिल्ह्यात झाली. आणि माझ्या तक्त्यात त्या छत्रीला पाच मिनिटेही नव्हती.

ज्यांना ती हकिगत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, १८७० साली इंग्लंडला गेले. हिंदू राजाने समुद्र ओलांडणे हे त्या काळी लहान धाडस नव्हते. वय अवघे वीस. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी ठेवीत. कॅप्टन वेस्ट यांनी संपादित केलेली ती रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. काही महिने इंग्लंडमध्ये काढून युरोपातून परत येताना ते फ्लॉरेन्सला पोचले. तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. तिथेच ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा अंत झाला. इटलीत त्या काळी दहनाची रीत नव्हती. तरी खास परवानगी मिळाली आणि आर्नो नदीला मुग्नोने नावाची लहान नदी जिथे मिळते त्या संगमावर आपल्या रीतीप्रमाणे त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिच्या घुमटीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला तो याच मँटसाहेबांच्या आराखड्यावरून.

नकाशा काढून पाहिला. संगम शहराच्या पश्चिम टोकाला, साडेतीन किलोमीटर लांब अशा एका उद्यानाच्या अगदी शेवटी. म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस. पिसा किंवा छत्री, दोन्ही नाही.

"पिसाचा मनोरा साऱ्या जगाचा आहे. त्याला बघणारे पुष्कळ," पत्नी म्हणाली. "हे आपलं माणूस एकटं आहे तिथं."

पिसा गेले.

दुसरा तक्ता अगदी वेगळ्या रीतीने झाला. आधी गावे लिहून त्यांत दिवस कोंबण्याऐवजी मी रात्री मोजल्या. रोमला चार रात्री, फ्लॉरेन्सला चार, व्हेनिसला तीन. रोमला उतरायचे आणि व्हेनिसहून निघायचे, म्हणजे त्याच रस्त्याने उलटे येण्यातला एक दिवस वाचला. बिऱ्हाड हलायचे दोनदाच: रोमहून फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्सहून व्हेनिस दोन तासांहून थोडे अधिक. हिशेब पुन्हा मांडला. बारातून येण्या-जाण्याचे दोन गेले, दोन हलण्यांचा मिळून एक गेला, राहिले नऊ. आठ गावांना साडेसहा दिवस मिळत होते. आता तीन गावांना नऊ मिळाले. पैसे तेवढेच.

मग वार पाहिले. ही गोष्ट नवखा माणूस विसरतो आणि बंद दारापुढे उभा राहतो. व्हॅटिकनचे संग्रहालय महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. फ्लॉरेन्सची उफ्फिझी, आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया, ही दोन्ही सोमवारी बंद. म्हणून बुधवारी रोमला पोचायचे, रविवारी फ्लॉरेन्स, गुरुवारी व्हेनिस, आणि पुढच्या रविवारी परत. फ्लॉरेन्सचा सोमवार असा आपोआप मोकळा झाला. त्या घरात मी फक्त 'छत्री' एवढा शब्द लिहिला. बाकी प्रत्येक दिवशी ठरलेल्या वेळेचे एकच काम, तेही सकाळी. त्याची तिकिटे मुलीने काही आठवडे आधी घेऊन ठेवली. दुपारची घरे कोरी ठेवली. पोचण्याच्या दिवशी तर काहीच नाही, कारण आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात साडेसातच वाजलेले असतात आणि शरीर आपल्याच घड्याळाने झोपू पाहते. व्हेनिसचा मुक्काम निवडताना अंतर पाहिले नाही, वाटेतले पूल मोजले. त्या गावात मोटारी नाहीत, चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. पेटी हातात आणि गुडघा दुखरा, अशा माणसाला दोन पूल म्हणजे दोन किलोमीटर.

खर्चाच्या वहीत मी एक नवे सदर घातले: 'बसणे'. मुलगी हसली. पण इटलीत त्याची गरज पडते. पुष्कळ कॉफीच्या दुकानांत उभ्याने प्याल तर एक दर आणि टेबलाशी बसाल तर त्याहून चढा दर. रोममधल्या त्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, बसल्यास दंड. व्हेनिसने तर २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, रात्री मुक्कामाला न राहता नुसत्या येऊन जाणाऱ्या पाहुण्यांवर कर लावला आहे. राहणाऱ्याला तो द्यावा लागत नाही. म्हणजे घाईवर पट्टी बसवणारे हे जगातले एक गाव! मला ते माझ्यापेक्षा शहाणे वाटले.

आम्ही जाऊन आलो. तक्ता शंभर टक्के उतरला असे म्हणणार नाही. व्हेनिसला दुसऱ्या दिवशी पावसाने गाठले आणि बेटांवर जायचे राहिले. खोलीच्या खिडकीशी बसून कालव्यातून जाणाऱ्या भाजीच्या आणि विटांच्या होड्या पाहिल्या. रोमला शनिवारी दुपारी माझी जुनी खोड उफाळली. कोरे घर पाहवेना; एका पाठोपाठ एक तीन देवळे घुसवली. तिसरे कसे होते ते आज मला आठवत नाही. पत्नी बाहेर कारंज्याच्या कट्ट्याशी थांबली होती. तिथल्या नळाखाली बाटली कशी धरायची ते एका पोराने तिला दाखवले, ते मात्र तिला त्याच्या शर्टाच्या रंगासकट आठवते.

सोमवारी सकाळी ट्रॅमने उद्यानाच्या शहराकडच्या टोकाशी गेलो. त्या उद्यानाचे नाव रोमन अक्षरांत वाचून मी 'कॅसिन' असे काहीतरी म्हणत होतो. ट्रॅममधल्या एका म्हाताऱ्या बाईंना कागद दाखवला तेव्हा त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला. "काशीने," त्या म्हणाल्या. पत्नीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

झाडांखालून तासभर रमतगमत चाललो. शेवटी झाडी विरळ झाली आणि चार खांबांवरची ती घुमटी दिसली. लोखंडी कठड्याच्या आत पागोटे घातलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. आमच्या अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसावा एवढाच दिसतो. पलीकडे मोठा पूल आहे. त्याला तिथले लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्याच्या प्रवासाचा वेग चुकला होता की बरोबर होता, हे ठरवायचा मला काय अधिकार? एवढेच मनात आले की, या मुलाने जे पाहिले ते रोज रात्री लिहून ठेवले, म्हणजे तेवढ्यापुरता तो रोज कुठेतरी बसला असला पाहिजे.

आम्ही गवतावर बसलो. घरून नेलेली दाण्याची चटणी आणि तिथला पाव खाल्ला. मी दोनदा घड्याळ पाहिले, मग काढून पिशवीत टाकले. किती वेळ बसलो ते म्हणून सांगता येत नाही.

परत आल्यावर भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पिसाचा मनोरा बघितला?" नाही म्हटले की त्यांचे चेहरे पडतात. चित्रकलेच्या मास्तरांना तर आमच्या पैशांचे फार वाईट वाटले. तीन गावे!

एका संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्याही कोल्हापूरच्या. त्यांनी पिसाचे विचारले नाही. "ती महाराजांची छत्री म्हणे दोन नद्यांच्या संगमावर आहे. आपल्या प्रयागाच्या संगमासारखी जागा आहे का गं? कशी आहे?"

पत्नी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली आणि सुपातल्या तांदळावर बोटाने रेघा ओढल्या. "आपण प्रवाहाकडं तोंड करून उभं राहिलो, की मोठी नदी डाव्या हाताला. धाकटी उजव्या हातानं येते, पाणी जरा गढूळ. दोन्ही मिळतात त्या टोकावर छत्री. आणि दुपार कलली की सूर्य समोर येतो, नदी जाते त्याच अंगाला. तो तिकडंच मावळत असणार."

काकू ऐकत होत्या. मी ओसरीवर पेपर तपासत होतो. हातातली तांबडी पेन्सिल काही वेळ तशीच राहिली.